जुन्या मोटारगाडीचे रूप घरच्या घरी सावरताना

जुन्या मोटारगाडीची संपूर्ण पुनर्बांधणी हे वर्षानुवर्षे चालणारे, निष्णात कारागिरांचे काम आहे. मात्र बोनेटवरचे रंगाचे टवके, बंपरच्या क्रोमवर उमटलेले गंजाचे ठिपके, स्टिअरिंगच्या चाकाला गेलेल्या चिरा किंवा निस्तेज झालेले चामडे ही कामे मालकाला स्वतः करता येण्याजोगी आहेत. त्यांना महागडी यंत्रे लागत नाहीत. लागतो तो वेळ आणि वेळेवर थांबण्याची शिस्त. या कामात बहुतेक नुकसान कमी घासल्यामुळे नव्हे, तर जास्त घासल्यामुळे होते, आणि त्याचे कारण आकड्यांत सांगता येते. कारखान्यातून आलेल्या रंगाची सगळ्या थरांसह जाडी साधारणपणे १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असते. शोभेच्या क्रोमचा सर्वांत वरचा थर बहुधा एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो. आणि डॅशबोर्डवरच्या लाकडी व्हेनिअरची (वर चिकटवलेल्या लाकडाच्या पातळ पापुद्र्याची) जाडी अनेकदा एक मिलिमीटरही भरत नाही. एकदा घासून काढलेला मूळ थर परत लावता येत नाही. म्हणून पुढील प्रत्येक कामात सर्वांत सौम्य उपायापासून सुरुवात करावी आणि तो अपुरा पडल्याची खात्री झाल्यावरच पुढच्या पायरीवर जावे.

ऐतिहासिक वाहनांच्या क्षेत्रातील आंतरराष्ट्रीय महासंघ 'फिवा' याने स्वीकारलेल्या ट्यूरिन सनदेचा सूरही असाच आहे: मूळ साहित्य शक्य तितके राखावे आणि हस्तक्षेप कमीत कमी असावा. घरी काम करणाऱ्याला ही सनद बंधनकारक नाही. पण पन्नास वर्षांच्या गाडीवर एकच मडगार्ड आरशासारखे चकाकत असेल, तर ते गाडीचे रूप खुलवण्याऐवजी बिघडवते, हे कोणालाही पटेल.

पाहणी आणि कामाचा क्रम

गाडी स्वच्छ धुऊन, पुसून, तिरप्या उजेडात पाहावी. दुपारच्या उन्हात न दिसणारे ओरखडे आणि फुगवटे टॉर्चचा झोत पत्र्याला जवळजवळ समांतर धरला की स्पष्ट होतात. प्रत्येक दोषाचे छायाचित्र घ्यावे आणि कागदावर गाडीची ढोबळ आकृती काढून त्यावर खुणा कराव्यात.

याच वेळी दिखाऊ दोष आणि मजबुतीचे दोष वेगळे करावेत. रंगाखाली फुगवटा दिसल्यास बोथट टोकाच्या दाभणाने तो हलकेच दाबून पाहावा. टोक आत गेले, तर पत्रा आतून गंजून संपलेला आहे. असा गंज दाराखालच्या पट्ट्यांत, चासिसमध्ये, सस्पेन्शनच्या जोडांपाशी किंवा सीटबेल्ट जिथे बसवलेले असतात तिथे आढळला, तर ते काम वेल्डिंग करणाऱ्याचे आहे. त्यावर पुट्टी आणि रंग चढवणे म्हणजे धोका झाकणे होय. चाकांच्या कमानीच्या खालच्या कडेला ओळीने फुगवटे दिसत असतील, तर गंज आतून बाहेर आलेला असतो. बाहेरून कितीही नीट उपचार केले तरी ते फार काळ टिकत नाहीत.

कामांचा क्रमही महत्त्वाचा आहे. आधी धातूची कामे उरकून रंगाचे टवके भरावेत, मग संपूर्ण रंगाला पॉलिश करावे आणि मेण अगदी शेवटी लावावे. रबरासाठी किंवा टायर चमकवण्यासाठी वापरली जाणारी सिलिकॉनयुक्त द्रव्ये रंगकाम पुरते संपेपर्यंत गाडीजवळ आणूच नयेत. सिलिकॉनचा अंश पत्र्यावर राहिला, की नवा रंग त्या जागी आकसतो आणि माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. हा दोष नंतर घासून जात नाही; रंग काढूनच टाकावा लागतो.

रंगाचा प्रकार ओळखणे

१९२० च्या दशकात लवकर सुकणारे नायट्रोसेल्युलोज लॅकर मोटारगाड्यांवर आले. त्यानंतर निरनिराळे एनॅमल आणि ॲक्रिलिक रंग आले. आणि रंगाच्या थरावर वेगळा पारदर्शक थर देण्याची पद्धत १९८० च्या दशकात सर्वत्र रुळली. पण गाडीचे वर्ष पाहून रंग ठरवता येत नाही, कारण मधल्या काळात ती कोणी तरी पुन्हा रंगवलेली असू शकते. म्हणून डिकीच्या झाकणाच्या आतल्या कडेसारख्या न दिसणाऱ्या जागी पांढऱ्या सुती फडक्यावर थेंबभर पॉलिश घेऊन घासावे. फडक्याला गाडीचा रंग लागला तर रंग एकथरी आहे. न लागल्यास वर पारदर्शक थर असण्याची शक्यता मोठी आहे. त्याच जागी थिनरमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा क्षणभर टेकवावा. लॅकर लगेच विरघळून बोळ्याला लागते, तर हार्डनर (रंग कडक करणारे द्रव्य) मिसळून लावलेल्या आधुनिक रंगावर जवळपास काहीच परिणाम होत नाही. ही दुसरी चाचणी टवके भरताना उपयोगी पडते, कारण चुकीचे थिनर असलेला रंग लावला तर भोवतालचा जुना रंग सुरकुततो.

जुन्या रंगांत शिसे असू शकते. त्यामुळे जुना रंग कोरडा घासून त्याची धूळ उडवू नये. वॉटर पेपर आणि पाणी वापरून ओलेच घासावे, योग्य मास्क लावावा आणि तो गाळ अंगणातल्या मातीत न सोडता फडक्याने टिपून वेगळा काढावा.

रंगाचे टवके भरणे

या लेखातील सर्वांत जास्त संयम मागणारे काम हेच आहे. टवक्याची जागा सौम्य साबणाने धुऊन मेण आणि तेलकटपणा काढणाऱ्या द्रावणाने पुसावी. हे द्रावणही आधी न दिसणाऱ्या जागी लावून पाहावे, कारण जुने लॅकर काही द्रावणांनी मऊ पडते. टवक्याच्या कडेचा सुटू पाहणारा रंग मास्किंग टेप दाबून उचलावा. जो टेपसोबत निघेल, तो पुढे कधी तरी निघणारच होता. तळाला गंज असेल तर काचतंतूंच्या पेनाने किंवा सुईच्या टोकाने तो उजळ धातू दिसेपर्यंत खरवडावा. काचतंतूंचे बारीक कण त्वचेत रुततात, म्हणून हातमोजे आणि चष्मा वापरावा. खळग्यात राहिलेल्या गंजासाठी टॅनिक किंवा फॉस्फोरिक आम्लावर आधारित गंजरूपांतरक बारीक कुंचल्याने केवळ त्या ठिपक्यावर लावावा. टॅनिक आम्लाने गंजाचे काळपट निळ्या, स्थिर संयुगात रूपांतर होते. मात्र पोपडे सुटलेल्या जाड गंजावर तो लावून उपयोग नाही. द्रावण खालपर्यंत पोहोचतच नाही.

पूर्ण सुकल्यावर प्रायमरचा एक पातळ थर द्यावा. तो टवक्याच्या आतच राहिला पाहिजे, त्यासाठी तीन-चार केसांचा कुंचला किंवा टोकदार काडी पुरते.

रंग जुळवताना एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. गाडीवरच्या पट्टीतला रंगाचा क्रमांक कारखान्यातली मूळ छटा सांगतो, आणि आपल्यासमोर असलेला रंग दशकानुदशके उन्हात राहून बदललेला असतो. म्हणून पेट्रोलच्या टाकीचे झाकण किंवा असाच सहज सुटणारा एखादा भाग नमुना म्हणून रंग बनवणाऱ्याकडे न्यावा. पण नेण्यापूर्वी त्याचा एक कोपरा पॉलिश करून घ्यावा. निस्तेज झालेला पृष्ठभाग खऱ्या रंगापेक्षा फिका दिसतो आणि त्यावरून मिसळलेला रंग गाडी पॉलिश केल्यावर उठून दिसतो. तयार रंग पुठ्ठ्यावर लावून, पूर्ण सुकवून, दिवसाच्या उजेडात गाडीशेजारी धरून पाहावा, कारण ओला आणि सुकलेला रंग सारखा नसतो. धातुकणांच्या रंगाची छटा तर तो फवारला आहे की कुंचल्याने लावला आहे यावरही बदलते. अशा रंगावर कुंचल्याने भरलेला टवका थोडा वेगळा दिसणारच, हे आधीच स्वीकारलेले बरे.

रंग एकाच वेळी जाड भरू नये. थेंब मध्यभागी सोडून काडीने कडेपर्यंत ओढावा आणि सुकू द्यावा. सुकताना तो आकसून खाली बसतो. मग पुढचा थर. असे करत भराव भोवतालच्या पृष्ठभागापेक्षा किंचित वर येईपर्यंत थर द्यावेत आणि दोन थरांमध्ये डब्यावर सांगितलेले अंतर पाळावे. शेवटच्या थरानंतर लॅकरला निदान आठवडाभर आणि एनॅमलला त्याहून बराच जास्त काळ द्यावा. घाई केल्यास आज सपाट केलेला भराव पुढच्या महिन्यात खड्डा होऊन दिसतो.

आता सपाटीकरण. टवक्याच्या भोवती अगदी लगत मास्किंग टेपच्या पट्ट्या लावाव्यात. २००० नंबरच्या वॉटर पेपरचा लहान तुकडा खोडरबरासारख्या सपाट, कडक ठोकळ्यावर गुंडाळून, साबणाच्या पाण्यात भिजवून, केवळ उंचवट्यावर हलक्या हाताने फिरवावा. बोटाने थेट घासू नये. बोटाखाली कागद खळग्यात शिरतो आणि चर पडतात. टेपच्या पृष्ठभागावर ओरखडे दिसू लागले, की भराव टेपच्या उंचीइतका खाली आला असे समजावे. मग टेप काढून २५०० आणि ३००० नंबरच्या कागदाने शेवटचा उंचवटा उतरवावा. फडक्यावर बारीक रबिंग कंपाउंड घेऊन चमक परत आणावी. हातभर अंतरावरून टवका शोधावा लागत असेल, तर काम झाले. भिंगातूनही दिसू नये म्हणून घासत राहणाऱ्याच्या हाती शेवटी बशीएवढा उघडा पडलेला प्रायमर येतो.

निस्तेज रंगाला पॉलिश

धुतल्यानंतरही पृष्ठभाग खरखरीत लागत असेल, तर आधी क्ले बार, म्हणजे पृष्ठभागावर रुतलेले कण उचलणारा मऊ मातीसारखा गोळा, वापरावा. हात पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घालून पत्र्यावरून फिरवला, की नुसत्या बोटांना न जाणवणारा खरखरीतपणा कळतो. क्ले नेहमी भरपूर वंगणद्रव शिंपडून, दाब न देता सरळ रेषेत फिरवावा आणि जमिनीवर पडल्यास तो तुकडा टाकून द्यावा.

पॉलिशची सुरुवात सर्वांत बारीक द्रव्याने आणि साधारण ४० सेंटिमीटरच्या चौकोनावर करावी. तेवढ्याने भागत असेल, तर जाड कंपाउंडचा डबा उघडण्याची गरजच नाही. पत्र्याच्या कडा आणि घड्यांच्या धारा यांवर रंग सर्वांत पातळ असतो आणि दाब मात्र तिथेच एकवटतो, म्हणून त्यांवर मास्किंग टेप लावावी. शिकाऊ हातात एकाच दिशेने फिरणारे बफिंग यंत्र देऊ नये. फिरता फिरता डोलणारे दुहेरी गतीचे यंत्र सावकाश काम करते, पण एका जागी कमी तापते. एकथरी रंगाच्या गाडीवर फडके रंगणे स्वाभाविक आहे. पारदर्शक थराच्या गाडीवर फडके रंगू लागले, तर तत्क्षणी थांबावे, कारण तो थर संपलेला आहे. पारदर्शक थराचे पोपडे निघू लागले असतील, तर पॉलिशने काहीही साध्य होत नाही. त्या भागाला पुन्हा रंग देण्यावाचून पर्याय नाही.

खडूसारखा पांढुरका झालेला एकथरी रंग, विशेषतः लाल, लगेच घासू नये. तेलयुक्त, अपघर्षक (घासून झिजवणारे) नसलेले ग्लेझ नावाचे मलम सढळ हाताने लावून रात्रभर राहू द्यावे, पुसावे आणि गरज भासल्यास पुन्हा लावावे. अनेकदा एवढ्यानेच रंगाची खोली परत येते आणि पॉलिशला फारच थोडे काम उरते. त्यानंतर कार्नोबा मेणाचा पातळ थर द्यावा. जाड थराने संरक्षण वाढत नाही, पुसण्याचे कष्ट मात्र वाढतात.

क्रोम, स्टील आणि ॲल्युमिनियम

चमकणारी प्रत्येक पट्टी क्रोमची नसते, आणि चुकीच्या धातूवर चुकीचे द्रव्य लावणे ही या कामातली सर्वांत महागडी चूक ठरते. चुंबक उपयोगी आहे, पण त्याचा कौल अंतिम मानू नये. क्रोम चढवलेल्या पोलादाला चुंबक चिकटते, जस्ताच्या ओतीव भागांना आणि ॲल्युमिनियमला चिकटत नाही. परंतु गाड्यांच्या शोभेच्या पट्ट्यांत वापरलेल्या काही जातींच्या स्टेनलेस स्टीललाही ते चिकटते. म्हणून गंजाचे स्वरूपही पाहावे. तपकिरी ठिपके पोलाद दर्शवतात. फोड, खोल खळगे आणि पांढरट भुकटी जस्त दर्शवते.

बंपरवर बहुधा तांबे, निकेल आणि सर्वांत वर क्रोम असे थर असतात. क्रोम स्वतः गंजत नाही. त्याच्यातल्या सूक्ष्म छिद्रांतून ओलावा पोलादापर्यंत पोहोचतो आणि गंज वर येतो. त्यामुळे क्रोमला धक्का न लावता वरचा गंज उचलणे एवढेच आपले काम. स्वयंपाकघरातला ॲल्युमिनियमचा फॉइल चुरगाळून, पाण्यात बुडवून हलकेच घासावा. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा पुष्कळ मऊ असल्याने नीट धुतलेल्या क्रोमवर ओरखडे पडण्याची शक्यता कमी असते. घासताना तयार होणारा तपकिरी गाळ मात्र अपघर्षक असतो. तो वरचेवर धुऊन काढावा. हट्टी ठिपक्यांसाठी पितळी किंवा कांस्य लोकर वापरावी. भांडी घासण्याची जाड तारेची घासणी नव्हे. शेवटी स्वच्छ पाण्याने धुऊन, गरम हवेने छिद्रांतला ओलावा घालवून मेण लावावे. छिद्रे तिथेच असतात, म्हणून मेणाचा थर काही महिन्यांनी पुन्हा द्यावा लागतो. एखाद्या जागी किंचित पिवळसर झाक दिसत असेल, तर क्रोम झिजून निकेल उघडे पडले आहे. तिथे घासणे बंद.

दारांच्या मुठी, दिव्यांच्या कडा आणि बोधचिन्हे बहुधा जस्ताच्या मिश्रधातूची असतात. त्यांवर कोणतेही आम्ल वापरू नये. ते छिद्रांतून आत शिरून जस्तच खाते. खळगे पडलेला असा भाग घरी पूर्ववत होत नाही. नव्याने क्रोम चढवणे घातक रसायनांमुळे घरी करण्याचे काम नव्हे, आणि क्रोमसारखे दिसणारे फवारे वापरण्यापेक्षा खळग्यांसकट जुना भाग राहू दिलेला अधिक शोभतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

स्टेनलेस स्टीलच्या पट्ट्या हा यातला सर्वांत समाधान देणारा भाग आहे, कारण तिथे वर काही चढवलेले नसते. धातू आरपार तोच असतो. पट्टी काढून, मागच्या बाजूने लाकडी टोकाने आणि हलक्या हातोडीने पोचा सपाट करावा. मग ६०० नंबरपासून सुरू करून ८००, १०००, १५०० आणि २००० असे कागद वापरावेत आणि दर वेळी घासण्याची दिशा आधीच्या दिशेला काटकोनात ठेवावी. म्हणजे आधीचे ओरखडे पूर्ण गेले की नाहीत हे लगेच कळते. शेवटचा हात फिरत्या सुती चाकाने द्यायचा असल्यास पट्टी लाकडी फळीवर पक्की बांधावी आणि चाक कडेकडून आत न नेता कडेबाहेर जाईल असे धरावे. चाकाने पट्टीची धार पकडली, तर ती हातातून हिसकावली जाते आणि गंभीर इजा होते.

ॲनोडाइझ केलेल्या, म्हणजे विजेच्या प्रक्रियेने वर ऑक्साइडचा थर आणलेल्या, ॲल्युमिनियमला केवळ साबण आणि पाणी लावावे. त्यावरचा संरक्षक थर तीव्र अल्कलीने विरघळतो आणि धातूच्या पॉलिशने झिजतो.

चाके काढून त्यांचे रंगकाम करायचे असल्यास जुन्या ब्रेकच्या धुळीत ॲस्बेस्टॉस असू शकते हे ध्यानात ठेवावे. ती हवेच्या दाबाने उडवू नये, ओल्या फडक्याने टिपावी. टायर न काढता रिम रंगवताना टायर आणि रिम यांच्या फटीत पत्त्यांच्या कॅटमधले पत्ते एकावर एक चढवत गोलाकार खोचावेत. टेपपेक्षा काम लवकर आणि नेटके होते.

स्टिअरिंगच्या चाकाच्या चिरा

पोलादी गाभ्यावर कडक रबर किंवा प्लास्टिक ओतलेली जुनी चाके आरे जिथे जोडलेले असतात तिथे हमखास तडकतात. चाक साबणाने, नंतर तेलकटपणा काढणाऱ्या द्रावणाने स्वच्छ करावे. वर्षानुवर्षे हातांचे तेल मुरलेले असल्याने हे एकदा करून भागत नाही. प्रत्येक चीर कानशीने किंवा बारीक करवतीने इंग्रजी 'व्ही' अक्षराच्या आकारात, वर रुंद आणि तळाशी अरुंद अशी उघडावी. अरुंद फटीवर नुसती पुट्टी थापली, तर ती लवकरच उखडते. तळाशी पोलाद दिसल्यास त्यावरचा गंज काढावा. दोन भाग मिसळून बनणारी इपॉक्सी पुट्टी खळग्यात दाबून, किंचित वर उचललेली ठेवावी आणि पूर्ण एक दिवस कडक होऊ द्यावी. १८० नंबरच्या कागदाने आकार द्यावा, नंतर ३२० आणि ६०० ने पृष्ठभाग गुळगुळीत करावा. चाकाच्या मागच्या बाजूच्या, बोटांसाठी असलेल्या खाचा जपण्यासाठी कागद गोल काठीवर गुंडाळावा. डोळे मिटून चाकावरून हात फिरवला, तर डोळ्यांनी न दिसणारे उंचवटे लागतात. प्रायमर दिल्यावर बारीक छिद्रे दिसतातच. ती भरून, पुन्हा घासून मग हार्डनर असलेला रंग द्यावा. साधा रंग हाताच्या घामाने आणि उष्णतेने चिकट होतो. चीर रुंद होत असेल, आरे हलत असतील किंवा गाभाच तडकला असेल, तर ते चाक दुरुस्तीचे नव्हे, बदलण्याचे आहे.

चामडे, लाकूड आणि काच

सीटचे चामडे सौम्य, अल्कलीरहित साबणाच्या फेसाने आणि मऊ ब्रशने स्वच्छ करावे. पाणी शिवणीत मुरू देऊ नये. पाण्याचा थेंब टाकल्यावर तो लगेच शोषला गेला, तर वरचा रंगथर झिजलेला आहे आणि कंडिशनर आत जाऊ शकेल; थेंब तसाच राहिला, तर थर शाबूत आहे किंवा सीट रेक्झिनची आहे, आणि मग भरमसाट तेल लावून केवळ चिकटपणा मिळतो. बारीक भेगांमध्ये चामड्याचे लवचिक फिलर पातळ थरांनी भरून त्यावर चामड्याचाच रंग स्पंजने टिपत द्यावा. फाटलेल्या जागेमागे मात्र कापडाचे ठिगळ चिकटवावेच लागते.

लाकडी व्हेनिअरवरचा पिवळा पडलेला जुना वार्निश यंत्राने घासून काढू नये. रसायनाने मऊ करून प्लास्टिकच्या पट्टीने उचलावा, कारण खालचा पापुद्रा कधी आरपार घासला गेला हे कळेपर्यंत उशीर झालेला असतो. नव्या वार्निशमध्ये अतिनील किरणांपासून संरक्षण असावे. जवसाचे तेल वापरल्यास तेलाची फडकी गोळा करून ठेवू नयेत; ती आपोआप तापून पेट घेतात. ती पसरून वाळवावीत किंवा पाण्याच्या बंद डब्यात टाकावीत.

काचेवरचा ओरखडा नखाला लागत नसेल, तर सेरियम ऑक्साइडची भुकटी पाण्यात सायीइतकी दाट कालवून, फेल्टच्या चकतीने कमी वेगात तो घालवता येतो. काच सतत ओली ठेवावी आणि हाताला गरम लागताच थांबावे. चालकाच्या नजरेसमोरच्या भागात मात्र हा प्रयोग नको. तिथे पडलेला किंचित खोलगटपणाही समोरचे दृश्य वाकडे दाखवतो.

बोधचिन्हावरची कोरीव अक्षरे सर्वांत शेवटी घ्यावीत. जुना रंग लाकडी काडीने काढून, पातळ एनॅमल कुंचल्याने अक्षरांत सोडावा, थोडा बाहेर सांडला तरी चालेल. तो जेमतेम सुकल्यावर गुळगुळीत पुठ्ठ्यावर ताणून बांधलेले, टर्पेंटाइनने नुसते ओलसर केलेले फडके वरून एकदाच सपाट ओढावे. उंचवट्यांवरचा रंग पुसला जातो आणि खाचेतला तसाच राहतो. फडके सैल असेल, तर ते खाचेत शिरते आणि अक्षर पुन्हा भरावे लागते.